अंदाजाचा चेहरा

चंदना मगदूमचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातच येत नसे. पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत ती होती. तिचे सहकारी डोंगर, किल्ले, धबधबे असं सगळं भव्य उभं करायचे आणि मग ते साध्या, स्वस्तातल्या फोनवर न अडखळता चालवून दाखवायची जबाबदारी चंदनाची. फोन तापला की मंदावतो. मंदावला की चित्र झटके खात पुढं सरकतं, आणि शत्रूनं गोळी झाडल्याचं खेळणाऱ्याला स्वतः मेल्यावर कळतं. म्हणून चंदना काटछाट करायची. सावल्यांच्या कडा बोथट करायच्या, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाकायची, लांबच्या झाडांच्या जागी पुठ्ठ्यासारखी सपाट चित्रं उभी करायची. "खेळणाऱ्याची नजर जिथं असते तिथं मेहनत करा, बाकी ठिकाणी थाप मारा," असं ती टीममध्ये नव्यानं आलेल्यांना सांगायची. थाप चांगली जमली की तिला मनापासून आनंद व्हायचा.

तिची आई त्रिशला मगदूम सांगलीत खो-खोची प्रशिक्षक. मैदानावर सगळ्यांच्या त्या 'बाई'. काचबिंदूनं त्यांच्या डोळ्यांमागच्या नसा हळूहळू वाळत गेल्या, आणि चंदना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना उरलासुरला उजेडही गेला. तरी बाईंनी मैदान सोडलं नाही. संध्याकाळी खुर्ची टाकून त्या बसायच्या. पावलांच्या आवाजावरून कोण कुठं वळलं, 'खो' वेळेवर पडला की उशिरा, हे सांगायच्या. पुष्कळदा बरोबर सांगायच्या, पण खेळ दिसत नाही याची हळहळ काही जायची नाही.

"नजर जायच्या शेवटच्या दिवसांत मी तुझ्याकडंच बघत बसायची," त्या एकदा चंदनाला फोनवर म्हणाल्या होत्या. "अजून रोज सकाळी उठलं की एकदा तुझा चेहरा आठवून घेते. पुसला जाऊ नये म्हणून."

चंदनानं त्यावर काहीतरी थट्टा केली आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या ओठांशेजारच्या पांढऱ्या डागाला नाव दिलं होतं. कोड.

पुढं तो डाग वाढला. डाव्या डोळ्याभोवती एक आला, मग हनुवटीवर, मग मानेवर. ऑफिसात कुणी फारसं काही म्हटलं नाही. वर्षभर मलमं लावून झाली, मग तिनं तीही सोडली, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आरशासमोर उभं राहताना आपण आता थांबत नाही. जगाशी तिचं जमलं होतं. फक्त आईला सांगणं राहून गेलं होतं. सांगलीला गेली की आई तिचे गाल कुरवाळायची; पण कोडाची कातडी हाताला वेगळी लागत नाही. मावशीला आणि मैदानावर आईच्या मदतीला असणाऱ्या कदम सरांना चंदनानं सांगून ठेवलं, "आईला बोलू नका, तिला आधीच काय कमी आहे?" अशा बाबतीत गप्प राहायला माणसं लगेच तयार होतात.

मिरजेच्या हॉस्पिटलात आईच्या मेंदूवर चकती बसवायचं ठरलं तेव्हा चंदनानं बिनपगारी रजा काढली आणि ती घरी आली.

डॉ. शिरीन मुजावर यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. नस वाळली तरी मेंदूचा पाहणारा भाग शाबूत असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या आत, नखाएवढी चकती बसवायची. चष्म्यातला कॅमेरा बघणार, कमरेला लावलेला डबा त्या चित्राची मांडणी करणार आणि ती बिनतारी चकतीकडं पाठवणार. चकतीला केसाहून बारीक हजारो टोकं. ती मेंदूला विजेच्या टिचक्या मारणार. प्रत्येक टिचकीला उजेडाचा एक ठिपका, आणि ठिपक्याठिपक्यांचं मिळून चित्र.

"मग अडचण कुठं येते?" चंदनानं विचारलं.

"उष्णता," डॉक्टर म्हणाल्या. "डब्याकडून जितकी जास्त माहिती पाठवाल तितकी चकती तापते. आणि मेंदूला जराशीही जास्तीची ऊब सोसत नाही. त्यामुळं माहितीला मर्यादा आहे. त्या मर्यादेत काय बसवायचं आणि काय सोडायचं, हे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे जुळवावं लागतं. त्यासाठी आम्ही घरातल्याच एकाला ट्यूनर म्हणून तयार करतो."

चंदना हसली. "म्हणजे स्वस्तातला फोन."

डब्याच्या कडेला बोटानं फिरवायची चार चाकं होती. पहिलं बारकाव्याचं. ते वाढवलं की लुगड्याचे काठसुद्धा दिसत. दुसरं वेगाचं, म्हणजे क्षणाला किती चित्रं आणि किती ताजी. तिसरं आवाक्याचं. समोरचं तेवढंच बघायचं की आजूबाजूचंही, ते यावर ठरे. एक वाढवलं की दुसरं कमी करावं लागे. चौथं चाक अंदाजाचं, आणि चंदनाला सगळ्यांत जास्त तेच आवडलं, कारण ते चाक म्हणजे तिचा धंदाच होता. अंदाज वाढवला की चकती स्वतःच्या साठ्यातून चित्र पुरं करायची. दोन चित्रांच्या मधलं चित्र ती स्वतः रचायची; माणूस इथून तिथं गेला म्हणजे मधे तिथं असणार, या हिशेबानं. आणि ओळखीचे चेहरे तिच्यात आधीच भरून ठेवलेले असायचे. 'चंदना, तोंड उघडलंय, डावीकडं बघतेय' एवढा निरोप डब्यानं पाठवला की चकती साठ्यातला चेहरा काढून, त्याचं तोंड उघडून दाखवायची. माहिती थोडी, ऊब नाही आणि चेहरा लखलखीत.

चेहरे भरायला फोटो लागत. सगळ्यांत चांगले, उजेडातले, वेगवेगळ्या बाजूंचे फोटो चंदनाच्या कॉलेजातले होते. तिनं तेच भरले. भरताना मनात काही ठरवलं होतं, असं तिला पुढंही कधी छातीठोक म्हणता आलं नाही. आणि नव्हतं, असंही म्हणता आलं नाही.

चकती सुरू केली त्या सकाळी आई खुर्चीत ताठ बसली होती. आधी तिनं खिडकी ओळखली, मग डॉक्टरांचा पांढरा कोट. मग मान वळवली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं, तू अगदी तश्शीच आहेस की!"

चंदनानं आईला मिठी मारली. खांद्यावरून तिला डॉ. मुजावर दिसत होत्या. त्या चंदनाच्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

पहिले काही दिवस नुसते जुळवणीत गेले. आईला सगळं बारीक बघायचं होतं, म्हणून चंदनानं बारकावा वर नेला. आईनं अंगणातल्या कढीलिंबाची पानं बघितली, स्वतःच्या हातावरच्या शिरा बघून "अगं बाई, म्हातारी झाले की मी," असं म्हणाली. पण बारकाव्यापायी चित्र मागं राहत होतं. चंदनानं चहाचा कप उचलून बाजूला ठेवला तरी आईचा हात आधीच्या जागी जायचा. कॉलेज कॉर्नरला तर जीवावरच बेतलं. हल्लीच्या बिनआवाजाच्या रिक्षा. आईला ती लांब दिसत होती तेव्हा प्रत्यक्षात पुढ्यात आलेली. चंदनानं दंड धरून मागं ओढलं. रिक्षावाला ओरडून गेला.

"मला पानं नकोत," ती म्हणाली. "मला धावणारं माणूस जागच्या जागी दिसलं पाहिजे. मला मैदानावर जायचंय."

मग चंदनानं आपलं सगळं कसब पणाला लावलं. वेग पूर्ण चढवला, आवाका मोठा ठेवला, बारकावा उतरवला आणि राहिलेलं सगळं अंदाजाच्या चाकावर सोपवलं. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. आई रस्त्यानं एकटी चालली. मैदानावर गेली, आणि मुली धावतानाचा खेळ बघून लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. चंदना कडेला उभी होती. आयुष्यात इतकं सुंदर काम आपण केलेलं नाही, असं तिला वाटलं.

ते दिवस फार चांगले गेले. संध्याकाळी मैदान, सकाळी दोघींचा चहा. आई तिच्याकडं बघत बघत बोलायची, मधेच थांबून नुसतीच बघत राहायची. एकदा पुण्याहून फोन आला. चंदनाची रजा वाढवायला साहेबांनी नकार दिला होता, आणि तिच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं चाललं होतं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आईनं वर बघितलं आणि हसली. "कुणाचा गं? एवढी खुशीत दिसतेस ती." साठ्यातल्या सगळ्या फोटोंत चंदना हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी ही बारकाव्याची गोष्ट होती.

"मैत्रिणीचा," चंदना म्हणाली, आणि भांडी घासायला वळली.

जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली तशी मैदानावर कुरबुर सुरू झाली. दुर्वा पाटोळे ही मुलगी सगळ्यांत चपळ म्हणून नावाजलेली. खांबाजवळून अशी गिरकी घ्यायची की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. पण सरावात बाई तिला सारखी बाद ठरवायला लागल्या. एकदा, दोनदा, मग रोजच.

"बाई, मला कुणी शिवलंच नाही," दुर्वा म्हणाली.

"मी डोळ्यांनी बघितलं. पाठीला हात लागला."

"नाही लागला, बाई," कदम सर मधे पडले. ते आखणीच्या रेषेवरच उभे होते. "अगदी माझ्या पुढ्यात होती ती."

"सर, इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांनी बघितलं. आता मला माझे आहेत." बाईंचा आवाज चढला. "खेळात बाद झालं की मुकाट बाहेर बसायचं असतं. खोटं बोलणारी मुलगी मला संघात नको."

दुर्वा बाहेर बसली नाही. ती बूट हातात घेऊन मैदानातूनच निघून गेली. इतर मुली खाली मान घालून उभ्या राहिल्या.

चंदना घरी आली. तिनं डब्यातली दिवसभराची चित्रं कॉम्प्युटरवर काढली. कॅमेऱ्यानं टिपलेलं एका बाजूला ठेवलं, आईला दिसलेलं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही सावकाश पुढं सरकवली. जे वाटलं होतं तेच निघालं. हात पाठीच्या दिशेनं येतोय, पाठ पुढं जातेय, हात जास्त वेगात आहे. तेव्हा पुढच्या क्षणी हात पाठीला लागणार, असं चकतीनं धरलं आणि तसं चित्र रचून दाखवलं. खरं चित्र येईपर्यंत दुर्वा कधीच गिरकी घेऊन दुसरीकडं गेली होती. पण आईनं मधलं ते चित्र बघितलेलं होतं. दुर्वाची हुलकावणी जितकी सुरेख, तितका चकतीचा अंदाज चुकत होता. जी मुलगी सगळ्यांत चांगली खेळत होती तीच आईला सगळ्यांत जास्त बाद दिसत होती.

तिनं आईला बसवून हे सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली.

"म्हणजे जे घडलंच नाही ते मी बघितलं?"

"हो. मशीननं अंदाज केला. नाहीतर चित्र एवढं सुरळीत दिसलं नसतं."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"अंदाज असतो हे माहीत होतं. खो-खोत असा घोटाळा होईल हे डोक्यात आलं नाही."

आई उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "मी त्या पोरीला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं, चंदना."

"आई..."

"बंद कर तो अंदाज. सगळा. मला अडखळत दिसलं तरी चालेल, ओबडधोबड दिसलं तरी चालेल. पण जे आहे तेच दिसलं पाहिजे."

चंदनानं डबा हातात घेतला. चौथ्या चाकाला कुलूप होतं. ते फक्त ट्यूनरच्या फोनवरून उघडे, आणि उघडल्यावर त्याचे दोन भाग दिसत. हालचालीचा अंदाज आणि ओळखीचा अंदाज. दोन्ही वेगवेगळे बंद करता येत. आई हात मांडीवर ठेवून, समोर बघत, वाट बघत होती.

चंदनानं पहिला भाग बंद केला. तिचं बोट दुसऱ्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

आईनं खोलीभर नजर फिरवली. "हं. सगळं कसं तुटक तुटक दिसतंय. खुर्ची म्हणजे नुसत्या चार रेघा." मग तिच्याकडं बघून म्हणाली, "तू मात्र स्वच्छ दिसतेस हां. देवाची कृपा."

दुसऱ्या दिवशी बाई मैदानावर वेळेआधी गेल्या. दुर्वा येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. पण कदम सरांनी तिच्या घरी जाऊन तिला आणलं होतं. बाईंनी सगळ्या मुलींना एका रेषेत उभं केलं आणि दुर्वाला पुढं बोलावलं.

"दुर्वा, तू बाद नव्हतीस. एकदाही नव्हतीस. चूक माझी होती, आणि मी तुला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. माफ कर."

दुर्वा वाकून बाईंच्या पायाला हात लावायला गेली तशी बाईंनी तिला वरच्यावर धरलं. "पळ आता. खांबावरून गिरकी घेऊन दाखव. मला आता तू ठिपक्या-ठिपक्यांची दिसशील, पण दिसशील खरी."

परत येताना आई चंदनाचा हात धरून चालत होती. "तू होतीस म्हणून कळलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातात हे मशीन असतं तर मी त्या पोरीचं वर्ष फुकट घालवलं असतं. तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकते मी." आणि मग आपल्याच शब्दांची तिला गंमत वाटली.

चंदनाला हसता आलं नाही. आणि ती हसत नाही, हे आईला दिसलंही नाही.

पुढच्या तपासणीला मिरजेला गेल्यावर नर्स आईला आतल्या खोलीत घेऊन गेली. डॉ. मुजावर पडद्यावर डब्यातली नोंद बघत होत्या.

"हालचालीचा अंदाज शून्य. ओळखीचा पूर्ण." त्यांनी चष्मा काढला. "फोटो कधीचे भरलेत?"

"कॉलेजमधले."

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला घाबरवायचं नाही मला. पुष्कळ घरांत हे चालतं. माझे एक पेशंट आहेत, वयस्कर गृहस्थ. त्यांची बायको वारली. घरी सांभाळायला येणाऱ्या बाईच्या जागी मला बायकोचा चेहरा दिसू दे, म्हणाले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्या बाईंना विचारलं. त्या हसल्या, दिसू दे म्हणाल्या. मग करून दिलं." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला. "त्या गृहस्थांना आपण काय मागतोय ते माहीत होतं, मगदूम. थाप होती, पण ज्याला मारली त्यानंच मागून घेतली होती. तुमच्या आईनं काय मागितलं होतं?"

"जे आहे तेच दिसलं पाहिजे, असं."

आतून आईचा नर्सशी बोलण्याचा आवाज येत होता. ती नर्सला सांगत होती की आमची चंदना वयानं वाढतच नाही बघा, कॉलेजात होती तशीच आहे अजून.

घरी आल्यावर चंदनानं चप्पलही काढली नाही. दारातच म्हणाली, "आई, एक अंदाज अजून चालू आहे."

आई पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

चंदनानं सांगून टाकलं. फोटोंचं सांगितलं, कोडाचं सांगितलं, चाक फिरवताना थांबलेल्या बोटाचं सांगितलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. सगळं संपल्यावर आईनं विचारलं, "कदमांना माहीत आहे?"

"हो."

"मावशीला?"

"हो."

"दुर्वाला? मुलींना?"

"त्या तर रोज बघतातच, आई."

"म्हणजे मी सोडून सगळ्या गावाला." आईनं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. आता तिच्यापुढं पुन्हा काळोख होता, आणि तो तिनं आपण होऊन घेतला होता. "तुला काय वाटलं? मी तोंड फिरवीन?"

"नाही. तू म्हणाली होतीस, रोज सकाळी माझा चेहरा आठवून घेतेस. मला तो मोडावासा वाटला नाही."

"तो माझा होता. मोडायचा की ठेवायचा ते मी बघितलं असतं." आईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "इतके दिवस मी चहा कुणाबरोबर प्याले, चंदना? फोटोबरोबर? त्या दिवशी फोन आला आणि तू आत आलीस, तेव्हा मी तुला हसून विचारलं, खुशीत आहेस म्हणून. तेव्हा तू खरंच खुशीत होतीस?"

"नाही. नोकरी गेल्यासारखीच होती. रडत होते."

आईनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "तू माझ्यापुढं रडत होतीस, आणि मी हसले."

चंदना जवळ गेली तशी आईनं हात वर करून तिला थांबवलं. रागानं नाही, पण थांबवलं. त्या दिवशी आई चष्म्याशिवाय घरात वावरली, भिंतीला हात लावत, पूर्वीसारखी. मैदानावरही गेली नाही. कदम सरांचा फोन आला तर "आज बरं नाही" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सकाळची कामं उरकल्यावर, आईच अंगणात येऊन बसली. गळ्यात चष्मा आणि मांडीवर डबा.

"चौथ्या चाकाचं कुलूप काढ," ती म्हणाली. "कायमचं. आणि मला शिकव. कुठलं किती फिरवायचं ते माझं मी ठरवणार."

चंदनानं कुलूप काढलं. आईचं बोट धरून एकेका चाकावर फिरवलं. कुठल्या खाचेला काय होतं, एक वाढवलं की दुसरं का उतरतं, अंदाजाचे दोन भाग कसे ओळखायचे, सगळं सांगितलं. आई चांगली विद्यार्थिनी होती. तिनं दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर केलं. मैदानासाठी वेग आणि आवाका. रस्त्यासाठीही तसंच, थोडा बारकावा जास्त. वाचायचं असेल तर आवाका अगदी लहान.

"आता चेहरा बघायचा असेल तर?" आईनं विचारलं.

"बारकावा पूर्ण. आवाका एवढाच, माझ्या तोंडापुरता. वेग सगळ्यांत खाली. आणि अंदाज..."

"शून्य," आई म्हणाली. तिनं चाकं फिरवली. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "हलू नकोस."

चंदना समोरच्या पायरीवर बसली. एवढ्या कमी वेगात एक चित्र पुरतं लागायला वेळ लागे, आणि तेवढ्यात हललं की सगळं फरकटे. तिनं श्वाससुद्धा जपून घेतला. शाळेत पहिल्यांदा फोटो काढताना बसली असेल तशी ती बसली. आपण एवढं का घाबरतोय ते तिला कळेना; हाच चेहरा घेऊन ती अख्ख्या पुण्यात फिरली होती.

आईनं पुढं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा चंदनाला नीट दिसत होता. त्यावर दुःख आलं, मग गेलं, मग नुसतं लक्ष राहिलं. दुर्वाची गिरकी बघताना असायचं तसं.

"डोळ्याखाली काळं झालंय तुझ्या," आई म्हणाली. "झोपत नाहीस."

चंदनानं मान हलवली नाही.

"आणि कपाळावर ही आठी. ही तुझ्या वडिलांची." तिनं बोट पुढं केलं, आणि यावेळी बघत बघत, ओठांशेजारच्या पांढऱ्या डागाच्या कडेवरून फिरवलं. "हा पहिला?"

"हं."

"कधी आला?"

चंदना सांगायला लागली. आधी तिला ते टूथपेस्ट वाटलं होतं. ऑफिसच्या आरशात दोनदा पुसून बघितलं. मग डॉक्टर, मग मलम, त्याचा उग्र वास. त्या वासामुळं शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून दुसरीकडं बसायला गेली ते. आईचं बोट डाव्या डोळ्याशी आलं. तो डाग जयसिंगपूरच्या लोकांशी मावशीनं परस्पर लग्नाची बोलणी चालवली होती तेव्हाचा. मुलगा चांगला होता. दोनदा भेटला, हसून बोलला, तिसऱ्यांदा येतो म्हणाला. हनुवटीवरच्या डागापाशी येईपर्यंत चंदनाचा आवाज भरून आला, ओठ थरथरले, मान खाली गेली. आईच्या डोळ्यांपुढं आता नुसत्या पांढऱ्या-सावळ्या पट्ट्या वाहत असणार, हे तिच्या ध्यानात आलं. ती एकदम गप्प झाली, चेहरा पुसला, पुन्हा ताठ बसली.

"थांबलीस का?"

"तुला दिसायला पाहिजे ना. मी बोलायला लागले की सगळं फरकटतं."

"फरकटू दे की," आई म्हणाली. तिनं डब्यावरचा हात काढला आणि चंदनाच्या गुडघ्यावर ठेवला. "मग? तिसऱ्यांदा आला का तो?"